ताईची मान

माझ्या ताईची मान अडकली होती, आणि तिच्या सासरच्यांनी वीस दिवस तो तिचा गुण म्हणून गल्लीभर मिरवला. एवढं सांगून मोकळं व्हावं असं मनात होतं. पण ते वाक्य लिहितानाच माझं रक्त तापलं, म्हणून आता सगळंच सांगते. माझे केस पिकलेत. अक्षरं मी उशिरा, नातवाच्या पाटीवर गिरवून शिकले. लिहिण्यात कुठे काही राहून गेलं तर राहो, राग मात्र पुरेसा शिल्लक आहे.

आम्ही अकोल्याचे माळी. मोर्णेच्या काठाला आमचा मळा होता, वांगी, मेथी, मुळे, थोडा झेंडू. माझा बा मळा करायचा आणि लोकांची हाडं बसवायचा. तेल्हाऱ्यापासून परतवाड्यापर्यंतची माणसं त्याला न्यायला बैलबंडी घेऊन यायची. मोडलेला हात, निखळलेला खांदा, घोट्यातून फिरलेला पाय, काही असो, बा आधी बराच वेळ नुसता चाचपत बसायचा. लोक वैतागायचे. बा म्हणायचा, आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसतं, त्यांना पाहू द्या.

घराच्या कोनाड्यात त्याने बैलाचे दोन मणके धुऊन ठेवले होते. वाटेत मरून पडलेल्या बैलांची हाडं तेव्हा कुठेही सापडत. मायला ते घरात नको होते, ती रोज कुरकुरायची आणि रोज त्यांच्यावरची धूळही पुसायची. ताई आणि मी लहानपणी त्यांच्याशी खेळलो. एक मणका म्हणजे नुसतं रुंद कडं, दोन्ही बाजूंना पानासारखं पसरलेलं. दुसऱ्याला पुढे आलेला एक खुंट. खुंट कड्यात घातला की कडं त्याच्याभोवती इकडेतिकडे फिरायचं.

"हे कडं डोस्क्याच्या संगं राह्यते," बा आम्हाला सांगायचा. "डोस्कं जिकडं जाते तिकडं हे जाते. खालचा मणका जाग्यावरच. त्याचा खुंट कड्यात, अन् कडं त्याच्याभोवती फिरते. तुमच्या मायचं जातं कसं फिरते? खालचा दगड बसून, वरचा फिरून राहिला. तसं."

मानेत मणके सात, आणि प्रत्येक थोडा थोडा वळतो. पण निम्मी मान या एकाच जागी वळते, असं तो म्हणायचा. आपण मान डोलावून 'हो' म्हणतो ते कवटी आणि कड्याच्या मधे. मान हलवून 'नाही' म्हणतो ते कडं आणि खुंटाच्या मधे. ताईला हे भारी आवडायचं. बा काही काम सांगू लागला की ती गळ्याला हात लावून म्हणायची, "थांब बा, कोन्ता सांधा लावू?" आणि मग जोरजोरात 'नाही'चा सांधा लावायची.

माणसाचा तो मणका बाने एकदाच पाहिला होता. आजोबांची राख सावडताना तो हाताला लागला. पलखट मारून, मांडी घालून बसलेल्या छोट्या माणसासारखा, आणि त्या माणसाचं डोकं म्हणजे तो खुंट. बाने तो कपाळाला लावून नदीत सोडला. पण त्यानंतर कुणाच्याही मानेला हात लावताना तो आधी थोडा थांबायचा. कड्याच्या आत खुंटाच्या मागून एक आडवा पट्टा असतो, तो खुंटाला धरून ठेवतो. त्या पट्ट्याच्या मागून जिवाचा दोर खाली उतरतो. पट्टा तुटला आणि खुंट मागे सरकला की दोर चेंगरतो. म्हणून मानेला हिसका द्यायचा नाही. हा बाचा नियम होता, आणि तो तोडणाऱ्याला तो आपल्या ओट्यावर बसू देत नसे.

ताईचं लग्न अमरावतीत झालं. तीही माळ्याचीच माणसं, चांगला पेरूचा बाग होता त्यांचा. ती नांदायला गेली आणि त्याच सुमाराला कापसाचं वेड आलं. परमुलखात कुठे लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस अडला होता, आणि समुद्रापलीकडच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीतला कापूस हवा होता. आम्हाला लढाई दिसली नाही, वेड दिसलं. लोकांनी ज्वारी मोडून कापूस पेरला, भाजीचे वाफे मोडून कापूस पेरला. वाटेवर बंड्यांची रांग तुटायची नाही. आमच्या बाने वाफे मोडले नाहीत तर लोक त्याला खुळा म्हणाले. ताईच्या सासऱ्याने पेरूची झाडं मुळापासून काढली, अर्ध्या जागेत कापूस लावला आणि उरलेलं आवार व्यापाऱ्यांना माल टाकायला दिलं. त्या आवारात बायका हातरेच्यावर, हाताने फिरवायच्या लाकडी चरकावर बसून सरकी वेगळी करायच्या आणि निघालेली रुई गाठोड्यांत दाबून डोक्यावरून पलीकडे न्यावी लागायची. ते न्यायचं काम घरच्या सुनेकडे आलं, कारण ती धडधाकट होती आणि तिला नाही म्हणता येत नव्हतं.

त्या वर्षीच्या दिवाळीला बा आणि मी तिला माहेरी आणायला गेलो. माझं लग्न झालं होतं, पण सासरी धाडलं नव्हतं. तीन दिवस बंडीत हाडं खिळखिळी झाली, तरी मी वाटभर गात होते. दारात उतरलो तर ताईची सासू ओट्यावर शेजारणींना घेऊन बसलेली. बाने विहीणबाईंना रामराम घालायच्या आधीच तिने सुरू केलं.

"या इवाई, या. पोरगी सुधरली बरं तुमची! आली तवा भिरभिर पाहे. कोनी हाक मारली का मान गरकन् फिरे. आता पाहा. दसरा झाल्यापासून मान वर नाई, मान मांगं नाई. सांगून सांगून वळण लावलं म्या."

शेजारणी माना डोलावत होत्या. त्यांतली एक म्हणाली, मी माझ्या सुनेला मुद्दाम इथे पाठवते, बघून शिक म्हणून. बाला संकोच झाला असावा, तो वहाणा काढू लागला. मला मात्र खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझ्या ताईची वाहवा होत होती ना! ते बरं वाटणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्या घराची रीत अशी होती. सुनेने डोक्यावर पदर नाकापर्यंत घ्यायचा. सासरा, भासरे म्हणजे थोरले दीर, भाऊकीतले म्हातारे समोर असले की तोंडातून शब्द काढायचा नाही, विचारलं तर मानेने हो किंवा नाही सांगायचं. कुणी मागून हाक मारली तर मान वळवून पाहायचं नाही, सबंध वळून, खाली बघत उभं राहायचं. आमच्याकडेही थोडंफार असंच होतं, पण आमच्या बाच्या घरी मानेचं कौतुक मोठं, तिथे असले नियम टिकत नसत.

ताई चुलीपुढे भाकरी थापत होती, पाठ माझ्याकडे. मी पावलं न वाजवता मागे गेले आणि हळूच म्हटलं, "ताई!" पूर्वीची असती तर हातातली भाकरी सोडून झटकन मागे वळली असती. आता तिने भाकरी खाली ठेवली, एक हात जमिनीला टेकला आणि बसल्या जागीच कंबरेपासून सबंध फिरत फिरत माझ्याकडे आली. मी खळखळून हसले. मला वाटलं सासूची नक्कल करते आहे.

मग पदर सरकला आणि मी तिचं तोंड पाहिलं. मान किंचित डाव्या खांद्याकडे कललेली, हनुवटी थोडी उजवीकडे. पदराखालून ते लाजल्यासारखं दिसत होतं. पण तिचे डोळे आधी माझ्याकडे आले होते, अगदी कोपऱ्यापर्यंत ताणून, आणि मान आलीच नव्हती. हाडवैदाच्या पोरीला हे आणखी सांगायला लागत नाही. मी हसणं गिळलं.

"जातं अडकलं वं," ताई म्हणाली. एवढ्या हलक्या आवाजात की चुलीतलं लाकूड तिच्यापेक्षा मोठ्याने वाजत होतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गाठोडं डोक्यावर घेऊन आवारातून जात होती. जमिनीवर सरकी सांडलेली होती. पाय त्या दाण्यांवरून घसरला, ती पडली नाही, पण गाठोडं एका अंगाला गेलं आणि डोकं त्याच्याबरोबर ओढलं गेलं. कानामागे काहीतरी सरकल्याचं तिला आतून ऐकू आलं. तिने गाठोडं परत उचललं आणि पोहोचवलं. त्या दिवसापासून मान वळत नव्हती, आणि त्या दिवसापासून ती रोज गाठोडी वाहत होती.

"सांगितलं कावून नाई कोनाले?" मी विचारलं.

"सांगितलं ना. बुढीले म्हनलं, मान वळत नाई. तर म्हने, वळवाचीच कायले?"

हे ऐकून मला जे झालं ते अजून होतं. घरात सगळ्यांत मोठी बाई, जिला चार लेकरं झाली, जिने शंभर आजारपणं काढली, तिला सुनेने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मान वळत नाही. आणि तिला त्यात दुखणं दिसलं नाही, सोय दिसली. मी तशीच उठले आणि बाला गोठ्यात बोलावून घेतलं.

बाने ताईला गाईच्या दावणीशी पाटावर बसवलं आणि डोळे मिटून तिच्या कानामागे, जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटं ठेवली. बराच वेळ. मग मला तिचे खांदे घट्ट धरायला सांगितले आणि तिला म्हणाला, "हळूच डाव्याकडं पाह्य." हनुवटी जागची हलली नाही. उजवीकडे बोटभर गेली आणि ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, खाली पाहा, वर पाहा. ते जमलं.

"हो म्हनाचा सांधा चांगला हाय," बा म्हणाला. "खालचा अडकला. कडं एका बाजूनं पुढं सरकलं अन् तिथंच बसलं. हाताले मुंग्या येते?"

"नाई."

"चालताना पाय लटपटते?"

"नाई, बा."

त्याने इतका मोठा श्वास सोडला की गाय मागे सरकली. दोर शाबूत होता. पट्टा ताणला असेल पण धरून होता. सव्वा महिना सपाट निजवायचं, डोकं दोन्ही बाजूंनी आवळून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ अगदी हलक्या हाताने सरळ ताण द्यायचा, मुरड म्हणून द्यायची नाही, तर कडं आपोआप जागेवर येण्याची आशा होती. आणि डोक्यावर आणखी एक गाठोडं आलं किंवा कुणी हिसका दिला तर? बाने ते बोलून दाखवलं नाही. मला ठाऊक होतं. परतवाड्याकडे एकाची मान अशीच मोकळी करायला गेले होते, तो माणूस बसल्या जागी गळून पडला आणि पुन्हा उठला नाही. बा पोहोचला तेव्हा त्याची बायको त्याला हाका मारत होती.

बाहेर आवारात ताईचा सासरा आणि भाऊकीतले तीनचार म्हातारे दिवाळीचं पान खात बसले होते. एका कडेला न्हावी धोकटी सोडून सगळ्यांची दाढी करत होता. बा जाऊन हात जोडून उभा राहिला. माझा बा, ज्याला लोक घरी येऊन विनवत, तो हात जोडून उभा राहिला.

"इवाई, पोरीची मान दुखावली. घेऊन जातो. सव्वा महिना निजून राहावं लागन तिले."

"आता? वेचणी ऐन रंगात हाय अन् सून निजवता?" सासरा हसला. बाकीचेही हसले. "अवो, माही बायको तर म्हनते मान पयल्यापेक्षा चांगली हाय!"

सासू दारातूनच म्हणाली, "दुखत असन तर न्हावी बसला हाय ना समोर. दोन झटके दिले का मोकळी."

न्हाव्याने वस्तरा पुसला. तो काही वाईट माणूस नव्हता. "अवघ्या पेठेच्या माना म्या मोकळ्या केल्या," तो म्हणाला, "कडकन् आवाज येते अन् माणूस उठून हसते." आणि ते खरंही होतं. धडक्या मानेचा आवाज काढला तर माणूस हसतोच. त्याला कुणी बैलाचे मणके दाखवले नव्हते.

बा मधे आडवा झाला. कडं, खुंट, पट्टा, दोर सगळं त्यांना सांगू लागला, हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवू लागला. ते म्हातारे त्याच्या बोटांकडे बघत पान चघळत होते. कापसाची गाठोडी भिजू नयेत म्हणून त्या लोकांनी आवारावर नवं छप्पर घातलं होतं. रुईत काडी राहिली तर सासरा रात्रीचं जेवण टाकायचा. आणि ज्या मानेवरून ती रुई जात होती ती मान आत कशी बनली आहे हे ऐकायला त्यांच्यापाशी पान चघळण्याएवढाच वेळ होता. बा आवाज चढवून म्हणाला, "मरन ना पोरगी!" तेव्हा एक म्हातारा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, दिवाळीच्या दिवशी असं अभद्र बोलू नये.

त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्याने, ताईच्या चुलतसासऱ्याने, शेवटी तोड काढली. "कायले भांडता बाप्पा? पोरीलेच इचारा ना. तिले जायाचं असन तर जाईन."

सगळ्यांना ते फार न्यायाचं वाटलं. बालाही वाटलं, मी त्याचा चेहरा सैल झालेला पाहिला. ताईला बाहेर बोलावलं. ती पदर ओढून अंगणाच्या मधे येऊन उभी राहिली.

"सूनबाई," चुलतसासरा म्हणाला, "इथंच राह्यतं ना? न्हाव्याकडून मान मोकळी करून घेतं ना?"

मी ताईच्या पायांकडे पाहत होते. तिच्या पायांची बोटं मातीत रुतली. पदराखाली तिचं डोकं किंचित थरथरलं आणि थांबलं. ती नाही म्हणत होती. तिला जेवढं बळ होतं तेवढं लावून नाही म्हणत होती, आणि नाही म्हणायचा सांधाच अडकलेला होता. तोंडाने बोलायची सोय नव्हती. 'हो' मात्र तिला केव्हाही म्हणता आलं असतं.

"गप हाय म्हंजे राजी हाय," सासरा म्हणाला.

न्हाव्याने आपलं फडकं झटकलं आणि तिच्यासाठी पाट सरकवला. पोरीचंच म्हणणं असं पडलं तर बापाने काय बोलायचं? मी ओरडणार होते. तेवढ्यात ताई हलली.

तिने उजवा पाय उचलून ठेवला, मग डावा, आणि सबंध अंगाने उजवीकडे वळली. तिची पाठ सासऱ्याकडे झाली. मग तशीच पाय उचलत डावीकडे वळली, पार पलीकडे, आणि पाठ पुन्हा सगळ्या म्हाताऱ्यांकडे झाली. मग पुन्हा उजवीकडे. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, तिने तो सावरला नाही. मान खुंटीसारखी ताठ, आणि सगळी ताई त्या अंगणात या बाजूला, त्या बाजूला वळत होती.

"पाठ दाखोली!" सासू किंचाळली. "सासऱ्याले पाठ दाखोली मेलीनं!"

"नाई म्हणून राहिली थे!" मी ओरडले. माझा आवाज फाटला. "समजत नाई का तुमाले? थे नाई म्हणून राहिली!"

बिचाऱ्या न्हाव्याला सगळ्यांत आधी कळलं. त्याने पाट मागे घेतला आणि धोकटी आवरायला लागला. मग म्हाताऱ्यांचा गलका उठला, घराण्याची अब्रू, हाडवैदाच्या पोरीचा माज, काय काय. एवढे म्हातारे, पण तिला तिची मान का वळवता येत नाही हे एकानेही विचारलं नाही. बाने काही ऐकलं नाही. त्याने ताईला कोपराला धरून बंडीपर्यंत नेलं, कडबा पसरला आणि तिला निजवलं. तिचा नवरा तेव्हा आवाराच्या फाटकात उभा होता. तो बोलला नाही, पण त्याने फाटक उघडलं, एवढं त्याच्या नावावर लिहिते.

परतीचे तीन दिवस मी बंडीत पाय पसरून बसले होते आणि ताईचं डोकं माझ्या दोन मांड्यांच्या मधे धरलं होतं. बा बैलांच्या पुढे चालत दगड बाजूला करत होता. समोरून कापसाच्या बंड्या यायच्या, भरधाव, आणि कुणी वाट द्यायला तयार नसायचं. बा दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहायचा, शिव्या खायचा, शिव्या द्यायचा. मी त्याच्या तोंडून तसल्या शिव्या आधी कधी ऐकल्या नव्हत्या. प्रत्येक हादऱ्याला ताई डोळे मिटायची आणि मी तिच्या हाताची बोटं चिमटून विचारायची, कळतं का? ती म्हणायची, "कळते वं, किती चिमटतं?"

घरी मायने तिला पाहिलं. आणि पदर खोचून कामाला लागली. ताईला जमिनीवर फळ्यांवर निजवलं. मानेखाली धोतराची बारीक गुंडाळी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना सरकीच्या घट्ट पिशव्या. माय तिला चमच्याने पेज पाजायची, तिचे केस तिथल्या तिथे विंचरायची, सगळं निजल्या निजल्या करायची. बा सकाळ-संध्याकाळ एक तळवा हनुवटीखाली आणि दुसरा डोक्याच्या मागे ठेवून सरळ ताण द्यायचा, एवढा हलका की पाहणाऱ्याला वाटावं नुसता हात ठेवलाय. बाविसाव्या दिवशी ताई म्हणाली, "बा, आत काई सरकलं." बाचे हात तसेच राहिले. त्याने तिला हलू दिलं नाही, पाहूही दिलं नाही. आणखी अठरा दिवस तशीच ठेवली. त्या अठरा दिवसांत तो स्वतः नीट जेवला नाही.

उठवलं तेव्हा मान उजवीकडे पुरी वळली, डावीकडे पाऊणएक. ती पाऊणच राहिली पुढे जन्मभर. पण वळली. ताई दिवसभर दारात बसून उगाच इकडेतिकडे बघत होती. मोटेचे बैल, वांग्याचे वाफे, रस्त्याने जाणारं कुत्रं. मायला म्हणाली, "किती दिवसानं कुत्र्याले पुरं जाताना पाह्यलं."

संक्रांतीनंतर तिची सासू न्यायला आली. लुगडं आणलं होतं, तिळगूळ आणला होता. झालं गेलं विसरा म्हणाली. बा राजी होता, मी खरंच सांगते, राजी होता. लग्न झालेली लेक घरात ठेवायची म्हणजे काय ते त्याला कळत होतं. ताई पाण्याची कळशी कमरेवर घेऊन येत होती. मागून मळ्यातून कुणीतरी तिला हाक मारली आणि ताई चालता चालता, पाऊल न थांबवता, मान वळवून हसली आणि ओ दिली.

सासूने ते पाहिलं. हातातला तिळगूळ तिने परत फडक्यात बांधला.

"होती तशी नाई राह्यली पोरगी," ती बाला म्हणाली. "लय मेहनतीनं वळण लावलं होतं म्या. वाया घालोलं तुमी."

आणि बंडीत बसून गेली. पुढच्याच लग्नसराईत त्यांनी पोराचं दुसरं लग्न लावून नवी सून आणली. मला त्या दुसऱ्या पोरीची काळजी वाटायची. तिची मान कशी होती, मला कधी कळलं नाही.

ताई रडली. लोकांना वाटेल सुटली म्हणून हसली असेल, पण ती रडली, नवऱ्यासाठी, फाटक उघडणाऱ्या त्या माणसासाठी. मग मळ्यात कामाला लागली. बाच्या बोटांचं शहाणपण पुढे तिच्या बोटांत आलं आणि बाया तिच्याकडे येऊ लागल्या, पण ते नंतरचं.

त्याच वैशाखात मला सासरी धाडायचं ठरलं. बंडी दारात लागली. मायने माझी ओटी भरली, डोक्यावर पदर नीट ओढला, नाकापर्यंत. जिने चाळीस दिवस चमच्याने पेज पाजली होती, जिने ती मान तसूतसूने वळताना पाहिली होती, त्या माझ्या मायने माझ्या हनुवटीला बोट लावून ती खाली केली आणि म्हणाली, "मान खाली घालून वाग हो. कोनी बोलावलं तरी भिरभिर पाहू नको. अन् आता निघाली तर मांगं वळून पाहू नको, नवी नवरी पाहत नसते."

मला इतका संताप आला की रडू थांबलं. मी तिच्याकडे बघत राहिले आणि तिच्या डोळ्यांत मला दिसलं की हे ती मला मारायला सांगत नव्हती, जगवायला सांगत होती. तिला दुसरं काही सांगता येतच नव्हतं. त्याने माझा संताप कमी झाला नाही. उलट वाढला. तो कुणावर काढावा हेच कळेना.

मी बंडीत चढले, मान खाली घातली. बैल चालू लागले. तेव्हा ताईचा आवाज आला, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने.

"पाह्य वं! मांगं पाह्य!"

मी पाहिलं. मायने पदर तोंडाला लावला होता. बा दुसरीकडे बघत होता. माय तिला घरात ओढत होती, आणि ताई ओढली जात होती, तिचं सगळं अंग घराकडे होतं, पावलं उंबऱ्याकडे होती, आणि तोंड माझ्याकडे.